दगडावरची दुसरी ओळ

माझं आडनाव मार्तँ. लग्नाआधीही मार्तँच होतं. मार्तँच्या मुलीनं मार्तँच्या मुलाशी लग्न केलं, त्यामुळे सही बदलावी लागली नाही, एवढाच काय तो फायदा. आमच्या फ्रान्समध्ये हे आडनाव इतकं माजलंय की बाजारात कुणी "ओ मार्तँ" म्हणून हाक मारली तर निम्मी माणसं मागे वळतात आणि उरलेल्या निम्म्यांचे मेहुणे वळतात. आडनावासाठी कुणी जीव टाकतं म्हणजे काय, हे मला लाझारबुवांमुळे कळलं. कळलं तेव्हा कौतुकापेक्षा रागच जास्त आला.

मी व्होक्र गावच्या कचेरीत सव्वीस वर्षं सचिव आहे. जन्म, लग्न, मृत्यू, कुत्र्यांच्या तक्रारी, सगळं माझ्याच टेबलावरून जातं. मोर्व्हाँच्या डोंगरातलं गाव, दोनशे बारा माणसं आणि त्यांच्या तिप्पट गाई. कचेरी मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी उघडी असते. मेयर स्वतः गुरं पाळतात. सही करायला येताना शेणाचे बूट दाराबाहेर काढतात, एवढी शिस्त मी त्यांना लावू शकले.

लाझार जदिमा दर मंगळवारी सव्वादहाला यायचे. वय एकोणऐंशी. आयुष्य लाकूड कापायच्या गिरणीत गेलं, त्यामुळे डावा कान कामातून गेलेला. काही काम नसायचं. हीटरशेजारच्या खुर्चीत टोपी मांडीवर घेऊन बसायचे, माझ्या हातची पातळ कॉफी प्यायचे आणि तिला नावं ठेवायचे. आठवड्यात आणखी कुणाशी बोलत असतील तर ब्रेडच्या गाडीवाल्याशी. बायको मार्सेल जाऊन बारा वर्षं झाली होती. आणि खरं सांगायचं तर मीही मंगळवारची वाट बघायचे. माझा नवरा गेल्यापासून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

त्यांचा विषय एकच, जदिमा हे आडनाव.

घरातली समजूत अशी होती की त्यांचा मूळपुरुष म्हणजे टाकलेलं पोर. नव्हेरच्या धर्मादाय इस्पितळाच्या भिंतीत एक फिरतं लाकडी कपाट असायचं. बाहेरून मूल ठेवायचं, घंटा ओढायची, कपाट आत फिरायचं. ठेवणाऱ्याचं तोंड कुणाला दिसायचं नाही. हे मूल म्हणे गुरुवारी सकाळी सापडलं. आमच्या भाषेत गुरुवारची सकाळ म्हणजे 'जदी मातँ'. कारकुनानं तेच आडनाव ठोकून दिलं आणि घाईत शेपूट खाल्लं, झालं जदिमा.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात लाझारबुवा बसनं नव्हेरला जाऊन जुन्या नोंदवह्या उलथू लागले. एका मंगळवारी आले ते टोपी काढायचंही विसरले.

"जोसलीन, तो रविवार होता."

"कुठला रविवार?"

"सहा मार्च अठराशे चौदा. मूल सापडलं तो दिवस. मी कॅलेंडर मांडून बघितलं. गुरुवार नव्हताच."

"मग गुरुवार आला कुठून?"

मुलाच्या दुपट्याला टाचलेला कागद नोंदवहीत तसाच जपलेला होता. खालचा कोपरा फाटलेला. त्यावर वेड्यावाकड्या अक्षरात एक ओळ होती: मी घ्यायला येईन, गुरुवारी सका... 'जदी मा', एवढ्यावर कागद संपला होता. कागदाच्या शेवटी माणूस आपलं नाव लिहितो, त्या हिशेबानं कारकुनानं शेवटचे दोन शब्द आडनाव म्हणून उतरवून घेतले होते.

"आली का ती आई गुरुवारी?" मी विचारलं.

"आली असती तर मी आज दुसऱ्या कुठल्या नावानं इथं बसलो असतो."

"बसला असतात मार्तँ होऊन."

ते हसले, पण डोळे हसत नव्हते. "दोनशे वर्षं आम्ही हे नाव धरून बसलोय," ते म्हणाले. "बाईला परत यायचं झालं तर ओळखायला काहीतरी हवं ना?"

त्या दिवशी मला त्यांची माया वाटली. पुढं त्याच वेडापायी माणूस काय करून बसेल, हे कुठं ठाऊक होतं?

त्यानंतरच्या जानेवारीत नवा कायदा आला. मुलाला बापाचंच आडनाव लागलं पाहिजे असं राहिलं नाही. आई-बाप ठरवतील तर आईचंही लावता येईल. लाझारबुवांची एकुलती एक मुलगी ओडिल तेव्हा दिजाँला होती, पोटुशी होती. म्हातारा कायद्याचं कात्रण खिशात घेऊन गावभर फिरला. मार्चमध्ये ओडिलचा फोन आला की मुलगी झाली. आडनाव पेती, नवऱ्याचं.

पेती! मार्तँइतकं नसलं तरी पोत्यानं मिळणारं आडनाव. लाझारबुवांनी फोन ठेवला, टेबलाशी बसले आणि पत्र लिहून त्याच दिवशी टाकलं. त्यातलं एक वाक्य त्यांनी मला मोठ्या अभिमानानं म्हणून दाखवलं होतं: जदिमा नसलेलं मूल माझं कोणी लागत नाही.

मी म्हटलं, "जिभेला हाड नसतं म्हणतात, तुमच्या पेनालाही नाही." पण पत्र गेलं होतं. अठरा वर्षं झाली. मार्सेलला मूठमाती दिली तेव्हा ओडिल एकटीच आली, खड्ड्याच्या पलीकडच्या बाजूला उभी राहिली आणि पलीकडच्या पलीकडे निघून गेली.

मग म्हाताऱ्याला मोजणीचा नाद लागला. कुठल्या आडनावाची किती मुलं कुठल्या जिल्ह्यात जन्मली हे सांगणारी एक वेबसाइट आहे, पंचवीस-पंचवीस वर्षांचे तुकडे पाडून. त्यांच्याकडे संगणक नाही, म्हणून कचेरीतल्या माझ्या संगणकावर बघायचे. जदिमा टाकलं की अख्ख्या फ्रान्सचा नकाशा पांढरा, एका जिल्ह्याला तेवढा रंग. पहिल्या तुकड्यात नऊ, मग पाच, मग दोन, मग एक. नंतर काही नाही. नवातले तिघे आमच्या चौकातल्या युद्धस्मारकावर कोरलेले आहेत. दोनातले एक लाझारबुवा आणि दुसरा त्यांचा भाऊ, तो घटसर्पानं पाचव्या वर्षीच गेला. शेवटची एक म्हणजे ओडिल. दर दोन-तीन महिन्यांनी ते मला पुन्हा बघायला लावायचे.

"बदललं का काही?"

"आडनाव आहे लाझारबुवा, हवामान नाही."

गेल्या सप्टेंबरच्या शेवटच्या मंगळवारी त्यांनी कॉफीला नाव ठेवलं नाही. तेव्हाच मला समजायला हवं होतं. वहीचं फाडलेलं पान त्यांनी टेबलावर ठेवलं.

"हे दगडावर कोरायचंय. मार्सेलच्या शेजारी माझी जागा आहे तिथं. एक नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाआधी हवं."

आमच्याकडे शहाणी माणसं आपला दगड आपणच करून ठेवतात, जन्माचं साल घालून पुढची जागा मोकळी सोडतात. त्यात वावगं काही नाही. पण कागदावर दोन ओळी होत्या. पहिली: लाझार जदिमा, १९४४. आणि दुसरी: या आडनावाचा शेवटचा.

"ओडिल आहे की अजून," मी म्हटलं.

"दारावर पेती, फोनमध्ये पेती. ती कसली आहे?" त्यांनी टोपी घातली. "सणाला लोक शेवंतीच्या कुंड्या घेऊन येतात, आजूबाजूचे दगड वाचतात. वाचू देत. कोणीतरी वाचलं तरी पुरे."

दगडावर अक्षर कोरायचं तर मेयरची मंजुरी लागते. एरवी मी अर्ज पुढं सरकवते, मेयर न वाचता सही करतात. हाही शुक्रवारी तसाच जायचा होता. पण शुक्रवारी मेयरच्या आधी ती मुलगी आली.

अठरा वर्षांची, रबरी बूट, अंगाला शेळ्यांचा वास. वरच्या वस्तीवर शेळ्यांचं चीज करतात तिथं ती उन्हाळ्यापासून कामाला होती, एवढं मला माहीत होतं. तिनं एक फॉर्म पुढं केला. दुसरा एक कायदा आलाय हल्ली. सज्ञान माणूस बापाचं आडनाव सोडून आईचं घेऊ शकतो, कारण सांगावं लागत नाही, एका फॉर्मवर काम होतं. मी वाचलं. सध्याचं आडनाव पेती. हवं असलेलं आडनाव जदिमा. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. अक्षरं तीच होती.

"काही चुकलंय?" मुलीनं विचारलं.

"नाही. अक्षरं बरोबर आहेत."

"सगळे चुकवतात, आई सांगते."

"या गावात कोणी चुकवत नाही," मी म्हटलं. "अगं पण तुझे आजोबा इथं..."

"मॅडम, हे गुप्त असतं ना?"

"असतं."

"मग असू दे."

तोंडात मारल्यासारखं झालं, पण पोरीचं बरोबर होतं. मी तिला नियम सांगितला की महिनाभर थांबायचं, मग स्वतः येऊन पुन्हा सही करायची. आली नाही तर अर्ज रद्द. पुष्कळ जण येत नाहीत. राग महिनाभर टिकत नाही, हे सरकारला माहीत आहे. तारीख मी दिली, एकतीस ऑक्टोबर, सकाळी दहा. मंगळवार. मुद्दामच दिली, उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही.

आता माझी पंचाईत बघा. एका ड्रॉवरमध्ये म्हाताऱ्याचा कागद, या आडनावाचा शेवटचा. दुसऱ्यात मुलीचा फॉर्म. एक दुसऱ्याला खोटं पाडतोय, आणि मला ताकास तूर लागू द्यायची नाही. म्हाताऱ्याला सांगितलं तर नोकरीचा नियम मोडतो. नाही सांगितलं तर दगडावर कायमचं खोटं बसतं, आणि ते वाचून ही पोर महिना संपायच्या आतच माघारी फिरली तर? मग ते खोटं खरंच होणार. माझ्या हातात होतं ते मी केलं. म्हाताऱ्याचा अर्ज दाबून ठेवला.

पहिल्या मंगळवारी सांगितलं की मेयर गुरांच्या बाजाराला गेलेत. दुसऱ्या मंगळवारी सांगितलं की मेयरची गाय व्यालीय. तिसऱ्या मंगळवारी म्हातारा म्हणाला, "दोन ओळी वाचायला मेयरला मास्तर लावायचाय का?"

मधल्या एका बुधवारी चौकात ब्रेडची गाडी आली. रांगेत पुढं लाझारबुवा, त्यांच्या मागं ती मुलगी, तिच्या मागं मी. म्हातारा ब्रेड काखेत मारून वळला, तिच्याकडे बघितलं.

"वरच्या वस्तीवरची ना तू? शेळ्या काय म्हणतात?"

"दूध कमी झालंय."

"थंडी पडली की व्हायचंच."

"हो, पडलीय खरी."

झालं एवढंच. म्हातारा चर्चच्या बाजूनं घरी गेला. मुलगी त्याच्या पाठीकडे बघत उभी राहिली, गाडीवाल्यानं दोनदा विचारलं तरी तिला ऐकू गेलं नाही. मी तिच्या मागं उभी. मला रडू आलं आणि त्या दोघांचा संतापही आला. आजोबा आणि नात हातभर अंतरावर उभी, आणि बोलणं काय तर शेळ्यांच्या दुधाचं!

चौथ्या मंगळवारी माझा तोल सुटला. म्हातारा पुन्हा नकाशा बघायला बसला होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ओडिलच्या मुलीला कधी बघितलंत का हो?"

"पेतीच्या," त्यांनी मला दुरुस्त केलं.

"लाझारबुवा, तुमची ती कागदवाली बाई निदान परत येते म्हणाली होती. तुम्ही तेवढंसुद्धा म्हणाला नाहीत."

चांगल्या कानाच्या बाजूनं बोलले होते, नीट पोचलं. त्यांनी कप खाली ठेवला, अर्धा भरलेला. उठले, खुर्ची जागच्या जागी सरकवली आणि गेले. दार आपटलंही नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

एकतीस ऑक्टोबरला मुलगी दहाला पाच कमी असताना हजर. केस बांधलेले, स्वच्छ कोट, वास मात्र शेळ्यांचाच. मेयर बूट काढून आले, मी रजिस्टर उघडलं, तिनं सही केली, त्यांनी केली. जन्माच्या नोंदीत पेतीच्या जागी जदिमा लावायचं पत्र मी दिजाँला पाठवायला काढलं. दहा वाजून वीस मिनिटांनी मेयर परत गाईंकडे गेले.

हीटरशेजारची खुर्ची रिकामी होती. मी तिकडे बघते आहे हे मुलीनं बघितलं.

"मंगळवारी ते इथं असतात ना? म्हणूनच मला मंगळवार दिलात."

माझी चोरी पकडली गेली. "असतात," मी म्हटलं. "आज आले नाहीत. माझ्यावर रागावलेत."

तिनं कोटाच्या खिशातून एक पत्र काढलं, घड्यांवर झिजलेलं. पाकिटावर लाझारबुवांचं अक्षर होतं, मी न वाचताच ओळखलं.

"आईच्या कपाटात सापडलं," ती म्हणाली. "मी दहा वर्षांची होते. तिला वाटतं मला माहीत नाही. शाळेत सगळ्यांचे आजोबा यायचे. माझे जिवंत आहेत आणि मी त्यांची कोणी लागत नाही, असं लेखी होतं माझ्याकडे."

"मग त्यांचंच आडनाव कशाला घेतलंस, बाई?"

"त्यांनी माप त्यांचं लावलं होतं. म्हटलं त्याच मापानं उभी राहते समोर. बघू काय बोलतात."

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. लोखंडावर लोखंड, मग दगडावर. ठक, ठक. चर्चमागच्या दफनभूमीच्या फाटकाशी पाथरवटाची गाडी उभी होती.

"अगं बाई," मी म्हटलं, "मंजुरी न घेताच!"

कोट न घालता मी धावले, मुलगी माझ्या मागं. सणाच्या तयारीनं सगळी थडगी शेवंतीनं भरलेली, आणि मार्सेलच्या शेजारच्या दगडाशी पाथरवट गुडघ्यावर बसलेला. पहिली ओळ कोरून झाली होती. दुसरी खडूनं आखलेली होती आणि तिच्या पहिल्या अक्षरात छिन्नी उतरली होती. लाझारबुवा काठीवर दोन्ही हात ठेवून पहारा देत उभे.

"थांबव रे!" मी ओरडले. "मंजुरी नाही."

"पाच आठवडे!" म्हातारा माझ्यावर कडाडला. "पाच आठवडे तू मला मेयरच्या गाई दाखवतेस! मी मरेन तेव्हाही तुझा शिक्का ओला असेल! चालू ठेव रे तू."

"दुसरी ओळ खोटी आहे, लाझारबुवा. खोटं कोरायला कचेरी परवानगी देत नाही."

"खोटी? मी मोजलंय. तूच दाखवलंस मोजून. कोण म्हणतं खोटी?"

"मी म्हणते," मुलगी म्हणाली.

त्यांनी वळून बघितलं. "तू शेळ्यांवाली ना? तुझा काय संबंध?"

"मी जदिमा आहे."

त्यांनी डोकं वळवून चांगला कान तिच्याकडे केला. "काय म्हणालीस?"

"जदिमा. आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांपासून. त्याआधी पेती होते." तिनं पत्र पुढं केलं. "हे तुमचं अक्षर आहे. जदिमा नसलेलं मूल तुमचं कोणी लागत नाही. आता मी आहे. तर सांगा, लागते का?"

पाथरवटानं छिन्नी खाली ठेवली. लाझारबुवांनी पत्र घेतलं. उघडलं नाही. पाकिटावरचं स्वतःचं अक्षर बघत राहिले, मग तिच्या तोंडाकडे, तिच्या बांधलेल्या केसांकडे. मला वाटलं आता हा माणूस आनंदानं ओरडेल. अठरावा जदिमा, एकोणिसावा, त्यांच्या हिशेबात जो काय असेल तो. नकाशाला परत रंग. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, मला तेच वाटणार.

"आडनाव कळलं," ते म्हणाले. "तुझं नाव काय?"

सगळ्या उत्तरांना उत्तर तयार करून आली होती ती, दहा वर्षांची असल्यापासून. या प्रश्नाची तयारी तिनं केली नव्हती. मला नाव माहीत होतं, फॉर्मवर होतं, जिभेवर आलं होतं. पण ते तिनंच सांगायचं होतं.

"सिदोनी," ती म्हणाली.

"सिदोनी." त्यांनी ते एकदा म्हटलं, मग पुन्हा एकदा, हळू. "ओडिलनं फोनवर सांगितलं असणार. आधी नावच सांगतात ना लोक? सांगितलं असणार तिनं. मी ऐकलंच नाही. मी पुढचं ऐकायला थांबलो होतो."